जुन्या दगडी भिंतीच्या दर्जा (दगडांमधल्या सांधी) घरच्या घरी भरायच्यात? मग सिमेंट बाजूला ठेवा

वाई, मेढा, सातारा भागात काळ्या दगडाची जुनी घरं अजून बरीच आहेत आणि दर्जा निघाल्या की लोक पहिलं काय करतात तर सिमेंटचं पोतं आणतात. कृपा करून हे करू नका. आपला काळा दगड पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळं भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट असते ती दर्जेतूनच, ती सिमेंटनं बंद केली की ओल आत कोंडते, मधली माती भिजून सैल होते आणि घरातल्या बाजूनं गिलावा सुटायला लागतो. दर्जेचा माल दगडापेक्षा मऊच पाहिजे, झिजला तर तो झिजू दे, परत भरता येतो.

काम काढायचं ते पावसाळा संपून भिंत वाळल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. आधी लांबून भिंत बघा, कुठं पोट काढलं असेल किंवा पिंपळाच्या जाड मुळानं दगड हलले असतील तर ते घरी करायचं काम नाही, इंजिनिअरला दाखवा.

चुना कळीचा, म्हणजे भाजलेला पण पाणी न लागलेला खड्यांचा, घ्या. उघड्या पोत्यात पडलेली फक्की हवेनं मेलेली असते, ती धरत नाही. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोड्या थोड्या कळ्या टाकायच्या, उलटं कधीच नाही कारण चुना उकळतो आणि उडतो, चष्मा-हातमोजे घालाच आणि पोरांना लांब ठेवा. विरल्यावर वर पाणी ठेवून, झाकून निदान दोन आठवडे मुरू द्या. मग 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली वाळू, आणि वाळूतला थोडा भाग कमी करून चांगल्या भाजलेल्या विटेचा चुरा घातला तर माल लवकर धरतो. माल घट्टच कालवा, पातळ केला की वाळताना तडकतो.

दर्जा छिन्नी-हातोडीनं उकरा, ग्राइंडर नको, दगडाच्या कडा जातात. खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, साधारण एक इंच तरी, पण आतली माती लागली म्हणून उकरतच जाऊ नका आणि एका वेळी हातभर पट्टाच उघडा नाहीतर दगड सुटे पडतील. ब्रशनं धूळ काढून पाणी मारा, ओलं पाहिजे पण पाणी साचलेलं नको, कोरड्या दर्जेत माल भरला तर आतली माती त्यातलं पाणी ओढून घेते आणि नंतर तो बोटानं निघतो. नैल्यानं (गवंड्याच्या छोट्या थापीनं) थरावर थर दाबून भरा. रुंद दर्जेत दगडाच्या कपच्या ठोका, नुसता माल ठेवला तर तो आकसतो. दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवा, दगडावर पसरवू नका (ती रुंद फुगीर सिमेंटची पट्टी बघितली की जीव जळतो). नख जेमतेम रुतेल इतका माल घट्ट झाला की कडक ब्रशनं ठोकून घ्या.

पुढं ओलं गोणपाट टांगून आठवडाभर सावली आणि ओल सांभाळा, चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं हळूहळू कडक होतो, पूर्ण मुरायला महिने जातात, त्यामुळं जोत्याजवळच्या दर्जा आधी उरका, पावसाचे शिंतोडे तिथंच जास्त उडतात.