सेवेला निघण्यापूर्वी मनाची कंबर कशी बांधावी

पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) ठाण्यातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेट-सेवेसाठी नावे घेतली जातात. दरवर्षी सात-आठ जण उत्साहाने पुढे येतात आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत त्यांतील दोघे-तिघेच उरतात. ही गळती बरीच वर्षे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, नाव दिल्यापासून प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत निदान सहा आठवडे जाऊ द्यावेत आणि ते कसे घालवायचे हे आधी ठरवावे. रुग्णभेट असो, संडे स्कूल असो की वस्तीतील अभ्यासवर्ग, तयारी बहुतांशी सारखीच असते.

बायबलमधील, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात (१:१३) मनाची कंबर बांधण्यास सांगितले आहे. त्या काळचे पायघोळ वस्त्र कामाच्या वेळी कमरपट्ट्यात खोचून घ्यावे लागे. आपल्याकडे बायका पदर खोचून कामाला लागतात, तसेच ते. त्याच पत्रात पुढे (५:५) नम्रतारूपी कमरबंद बांधण्याची सूचना येते. ती वाचताना मला नेहमी शेवटचे भोजन आठवते, कारण येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा ‘माझे पाय धुवायचे नाहीत’ म्हणून अडून बसलेला पेत्रच होता. म्हणून पहिले दोन आठवडे सेवा करण्याऐवजी ती घेण्यात घालवावेत. मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना आपल्यासाठी, आपल्यासमोर, मोठ्याने प्रार्थना करायला सांगावे. शेजारी दवाखान्यात सोडायला तयार असेल तर ‘कशाला उगाच’ न म्हणता त्याच्या स्कूटरवर बसावे. ज्याला हे अवघड जाते, त्याच्या मदतीत पुढे उपकाराचा वास येतो, आणि तो रुग्णाला सर्वांत आधी कळतो.

यानंतर बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय सावकाश वाचावेत. नहेम्या हा पारसाच्या राजाच्या पदरी असलेला यहूदी. यरुशलेमेचा कोट पडलेला आहे, ही बातमी नहेम्याला किसलेव महिन्यात कळली आणि राजापुढे तो तोंड उघडतो तो निसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. मधल्या काळात तो रडला, त्याने उपास केले, प्रार्थना केली. आणि त्या प्रार्थनेत इस्राएलाची पापे सांगताना ‘मी व माझ्या बापाच्या घराण्यानेही पाप केले आहे’ असे म्हणून त्याने स्वतःला त्यांत धरले. यरुशलेमेस पोहोचल्यावरही तीन दिवसांनी, रात्री, मोजक्या माणसांना बरोबर घेऊन त्याने कोटाची पाहणी केली आणि मनात काय आहे ते कोणाला सांगितले नाही. एवढे झाल्यावर कोट ५२ दिवसांत उभा राहिला. आपणही एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि रोज वीस मिनिटे तिच्यात दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: मला हे काम का हवे आहे, आणि ते केल्याचे कोणालाच कळले नाही तरी मी ते करीन का? ऐरोली-वाशीकडे नोकरीला जाणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसायला मिळाले तर तिथेच लिहावे. माझ्या स्वतःच्या वहीत पहिल्या आठवड्यात ‘पाळकसाहेबांनी उपासनेत माझे नाव घ्यावे म्हणून’ असे एक उत्तर आहे, आणि ते मी अजून खोडलेले नाही.

जातीपातीचा विषय आपण मंडळीत टाळतो, पण तो वहीत आलाच पाहिजे. ब्राह्मण घरात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत सोवळे-ओवळे मनातून जाईपर्यंत लक्ष्मीबाईंना स्वतःशी झगडावे लागले, आणि पतीने आधी घेतलेला निर्णय म्हणून त्यांनी तो मुकाट्याने स्वीकारला नाही. वागळे इस्टेटमधील किंवा कळव्यातील कोणत्या घरी पाण्याचा पेला हातात घेताना आपण क्षणभर थबकू, हे प्रामाणिकपणे लिहून काढावे आणि पहिली भेट शक्यतो तिथेच द्यावी.

मनाच्या तयारीत माहितीही येते. मार्काच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय एका बैठकीत वाचून होतात. ते निदान दोनदा वाचावेत. स्तोत्र २३ आणि १२१ पाठ करावे, कारण वॉर्डातील दिव्याखाली बारीक अक्षर दिसत नाही. भेटीच्या वेळा, मास्क, हात धुणे हे नियम नीट विचारून घ्यावेत. मुलांबरोबर काम असेल तर पालकांची परवानगी घ्यावी आणि बंद खोलीत मुलासोबत एकट्याने कधीही थांबू नये. खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याने मागितल्याशिवाय उपदेश करू नये. याबाबतीत मी कोणाचेच ऐकत नाही.

माझ्या पहिल्या भेटीत एका सरकारी रुग्णालयात एका आजींच्या खाटेशी उभा राहून मी मोठ्या आवाजात लांबलचक स्तोत्र वाचले. त्या सारख्या उशीकडे पाहत होत्या. मला वाटले, वचन मनाला भिडते आहे. ‘आमेन’ म्हटल्यावर त्यांनी उशीशी ठेवलेली पाण्याची बाटली पुढे केली. सलाइन लावलेल्या हाताने तिचे झाकण त्यांना फिरवता येत नव्हते. त्यांनी घटाघटा पाणी प्यायले आणि मग विचारले, ‘बाळा, तू काय वाचत होतास?’

शेवटच्या दोन आठवड्यांत घरच्यांशी बोलून आठवड्याचा एकच ठरावीक वार मागून घ्यावा आणि त्यापलीकडे काही कबूल करू नये. येशूने बाराही शिष्यांना दोघे-दोघे पाठवले होते, तेव्हा जोडीदार आधीच ठरवून ठेवावा. झोपेकडे दुर्लक्ष करू नये. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली बसून ‘आता पुरे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले.

पहिल्या दिवशी अर्धा तास आधी निघावे. तलावपाळीच्या कट्ट्यावर जोडीदाराबरोबर पाच मिनिटे गप्प बसावे, फोन बंद करून पिशवीत टाकावा आणि मग चालू लागावे. परतल्यावर मंडळीच्या ग्रुपवर फोटो टाकू नये. वहीत भेटलेल्या माणसाचे नाव आणि त्याने काय मागितले एवढेच लिहावे, आणि जेवून झोपावे.