बुडणारी माशी कशी तरंगली

हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यातल्या ट्राउट माशांसाठी कोल्हापुरात घरी बसून १४ नंबरच्या गळावर आमिष म्हणून पिसा-दोऱ्याच्या नकली माश्या बांधत होतो. पंचगंगा घाटावर पाण्यात टाकली, की माशी लगेच खाली. मेण लावलं, दोरा बदलला, उपयोग शून्य. चूक पिसात होती. मी कोंबडीच्या मानेचं पीस वापरत होतो. ते मऊ, लव दाट, पाणी पिणारं. पाण्याखालच्या माशीला तेच छान. तरंगायला मात्र कोंबड्याच्या मानेचं ताठ, चकचकीत पीस हवं. जून गावठी कोंबड्याची पिसं मिळवली, साबणानं धुऊन सावलीत वाळवली. बुडाची लव काढली. तंतू गळाच्या टोक-दांडीतल्या अंतराच्या दीडपट ठेवले. पिसाचे वेढे गळाच्या डोळ्यापासून, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापासून, जरा मागेच थांबवायचे, नाहीतर शेवटची गाठ बसत नाही. आता माशी पिसांच्या टोकांवर उभी राहते. काय देखणी दिसते!