डोक्यात येणाऱ्या फालतू प्रश्नांचं स्टेजवरचं मटेरियल कसं करायचं

स्टँडअप कॉमेडी करणाऱ्या माणसाचा दिवस बाहेरून बघितला तर रिकामाच दिसतो, शो रात्री, त्यातला आपला स्पॉट पाच-दहा मिनिटांचा, मग बाकी दिवसभर करता काय असं घरचे पण विचारतात आणि शेजारचे पण. बाकीचा दिवस हेच खरं काम आहे हे मला स्वतःला कळायलाच बरीच वर्षं लागली. रांगेत उभं असताना, आंघोळ करताना, खिडकीतून नुसतं बघत बसलेलं असताना डोक्यात जे बिनकामाचे प्रश्न येतात ना, जे आपण "जाऊ दे, काहीतरीच" म्हणून झटकतो, तिथेच सगळं मटेरियल असतं. नवीन लोक मला नेहमी विचारतात की विषय कुठून आणता, म्हणून मी जसं करते तसं सगळं इथे लिहून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न आला की तिथल्या तिथे लिहायचा. नंतर लिहू म्हटलं की गेलाच. वही असो की मोबाइल, फरक पडत नाही, पण पूर्ण वाक्य लिहा. मी सुरुवातीला दोन-तीन शब्द लिहून ठेवायचे आणि आठवड्याने वही उघडली तर तिथे "काका, बादली, दोनदा" एवढंच, आता कोण काका, बादलीचं काय झालं, दोनदा काय, काही म्हणजे काही आठवेना. तो प्रश्न चांगला होता एवढं मात्र पक्कं आठवत होतं आणि त्याची हळहळ मला आजही वाटते. तेव्हापासून मी तीन गोष्टी लिहितेच: काय बघितलं, त्या क्षणी मनात जसाच्या तसा कुठला शब्द आला, आणि बघून काय वाटलं, म्हणजे राग आला, लाज वाटली, की कीव आली. यातलं तिसरं बहुतेक लोक लिहीत नाहीत आणि स्टेजवर कामाला तेच येतं, कारण लोकांना तुमच्या निरीक्षणापेक्षा तुम्हाला त्याचं काय झालं हे ऐकायचं असतं.

लिहून झालं की त्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायचं. हा भाग लोक गाळतात आणि माझा सगळ्यात लाडका हाच आहे. उदाहरण देते. आपण स्वतःच स्वतःला गुदगुल्या का करू शकत नाही हा प्रश्न मला एकदा असाच पडला. शोधलं तर कळलं की १९९८ मध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि तिच्या सहकाऱ्यांनी यावर मेंदूचं स्कॅनिंग करून बघितलं होतं, आपला हात हलणार हे लहान मेंदूला आधीच माहीत असतं, त्यामुळे पुढे येणाऱ्या स्पर्शाचा अंदाज तो बांधून ठेवतो आणि गुदगुल्या फिक्या पडतात. मग त्यांनी अजून एक भारी गोष्ट केली, मध्ये रोबो ठेवला, म्हणजे माणूस एका हाताने दांडा हलवणार आणि रोबो त्याच्याच दुसऱ्या तळहाताला स्पर्श करणार, पण जरा उशिराने. हा उशीर ०.२ सेकंदांपर्यंत वाढवत नेला तशा स्वतःच केलेल्या गुदगुल्या जास्त जाणवायला लागल्या! हे वाचलं त्या दिवशी मी खोलीत नुसत्या येरझाऱ्या घातल्या, कारण आम्ही पंचलाइनच्या आधी पॉज घेतो तेव्हा प्रेक्षकाने मनात बांधलेला अंदाज जरासा चुकवायचीच तर धडपड असते. गुदगुल्या आणि जोक एकच असं मी म्हणत नाही, पण एका बिनकामाच्या प्रश्नाने मला माझ्याच कामाकडे बघायची नवीन नजर दिली ना.

उत्तर पुस्तकात किंवा नेटवर मिळण्यासारखं नसेल तर माणसांना विचारा. सरळ विचारा, "हे माझ्या बिटसाठी हवंय" (बिट म्हणजे स्टेजवर करायचा एका विषयावरचा विनोदी तुकडा) असं सांगून विचारलं तरी लोक आनंदाने बोलतात. फक्त एक पाळा, कोणाची खाजगी गोष्ट असेल तर स्टेजवर न्यायच्या आधी त्या माणसाची परवानगी घ्या. मी एकदा नव्हती घेतली, एका मैत्रिणीची गोष्ट होती, ती प्रेक्षकांत बसलेली होती, सगळे हसले आणि ती हसली नाही. तो बिट मी परत कधीच केला नाही.

आता मुख्य गोष्ट, प्रश्नाचा बिट कसा होतो. माझा एक बिट पहिल्यापासून दाखवते, म्हणजे नीट कळेल. आमच्यासारख्यांना शो संपल्यावर लगेच झोप येत नाही, अंगातली ती धडधड उतरायलाच दोन-तीन तास जातात, त्यामुळे सकाळ उशिरा होते आणि झोपेत फोन येणं रोजचंच. तर वहीत मी लिहिलं होतं: "झोपलेल्या माणसाला फोन करून विचारलं झोपला होतास का, तर तो कायम नाही म्हणतो. का? मला स्वतःला लाज वाटते, पण कशाची?"

पहिल्यांदा मी हे ओपन माइकला, म्हणजे कोणालाही नवीन मटेरियल करून बघता येतं त्या शोमध्ये, जसंच्या तसं बोलले. लोकांनी माना डोलावल्या, एक-दोघं हसले, बस. पटलं सगळ्यांना, पण पटणं वेगळं आणि हसणं वेगळं. मग मी दोन दिवस स्वतःला नीट बघितलं. फोन वाजल्यावर मी नेमकं करते काय? तर फोन उचलायच्या आधी मी घसा साफ करते, आणि त्या रिकाम्या खोलीत एकदा "हॅलो" म्हणून बघते, आवाज जागा वाटतोय का ते तपासायला. हे आत टाकलं आणि स्टेजवर तो ट्रायलचा हॅलो करून दाखवला, तर पूर्ण हॉल हसला, कारण ते सगळे करतात आणि कोणी कोणाला सांगितलेलं नसतं. बारीक तपशील म्हणतात तो हाच, आणि तो घरी बसून सुचत नाही, बघावाच लागतो.

तरी शेवट नव्हता. तेव्हा वहीतला तिसरा भाग कामाला आला, लाज कशाची? तर झोपणं म्हणजे काहीतरी चोरी करताना सापडल्यासारखं वाटतं. चोरी हा शब्द कागदावर आला आणि त्याच्या मागोमाग चोर आला. घरात मध्यरात्री चोर शिरला, त्याने माझ्याकडे बघून विचारलं, झोपलात का, तरी मी उठून बसून म्हणेन, "नाही नाही, बोला ना!"

इथे मराठीची एक अडचण सांगते जी बाहेरच्या भाषांतले व्हिडिओ बघून कधीच लक्षात येणार नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं. मी हे आधी असं लिहिलं होतं: "तर मी त्याला 'नाही नाही, बोला ना' असं उठून बसून म्हणेन." हसू "बोला ना"वर फुटणार आणि माझं "असं उठून बसून म्हणेन" त्याच्यावर जाऊन पडणार, म्हणजे मीच माझं लाफ मारलं. म्हणून क्रियापद आधी उरकून घ्यायचं, "मी म्हणेन" आधी, आणि हसवणारा शब्द अगदी टोकाला, त्याच्यापुढे काही म्हणजे काही नको. आपण बोलताना वाक्य असं उलटं करतोच की, लिहिताना मात्र शाळेतलं व्याकरण आठवतं. म्हणून मी बिट आधी मोठ्याने बोलते आणि मग लिहिते, आणि तुम्हीही प्लीज तसंच करा.

ओपन माइकला जाताना लवकर पोचा आणि आधीच्या सगळ्यांचे सेट, म्हणजे प्रत्येकाने त्याच्या वेळात स्टेजवर केलेलं सगळं, बघा. एक तर तुमच्या विषयावर कोणी आधी बोलून गेलं का ते कळतं, आणि दुसरं, खोली कशी आहे ते कळतं. खुर्च्या लांब लांब असतील, पुढच्या दोन ओळी रिकाम्या असतील, तर तोच जोक अर्धा पडतो, हे कोणीही काम करणारा कॉमेडियन सांगेल. हसू संसर्गजन्य असतं. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या संशोधकाने लोक रोजच्या गप्पांत कधी हसतात याच्या १,२०० नोंदी केल्या होत्या, त्यात हसण्याच्या आधी जे बोललं गेलं त्यातलं फक्त १० ते २० टक्केच विनोदाच्या जवळपासचं होतं, बाकी सगळं "चला, निघते मी" छाप साधं बोलणं. आणि माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या ३० पट चारचौघांत हसतो असंही त्याला दिसलं. म्हणून चान्स असेल तर शो सुरू व्हायच्या आधी आयोजकांना सांगून लोकांना पुढे आणि जवळ जवळ बसवून घ्या, हे मागायला अजिबात लाजू नका.

प्रत्येक सेट रेकॉर्ड करा. मोबाइल खिशात ठेवून नाही, मी केलंय ते, नुसती कपड्यांची खसखस ऐकू येते, मोबाइल प्रेक्षकांच्या बाजूला कुठेतरी ठेवा म्हणजे हसणं नीट ऐकू येईल. दुसऱ्या दिवशी ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही हे मान्य, तरी ऐका, आणि कागदावर फक्त एवढं टिपा की लोक कुठे हसले, किती वेळ हसले, आणि त्यांचं हसणं संपायच्या आधी तुम्ही बोलायला लागलात का. हे शेवटचं सगळ्यांकडून होतं, घाई होते, कारण आपल्याला पुढचं वाक्य विसरायची भीती असते. एक बिट मी किमान तीन वेगवेगळ्या रात्री केल्याशिवाय फेकत नाही आणि एका रात्री चालला म्हणून पक्काही धरत नाही. पाच मिनिटांच्या सेटमध्ये नवीन गोष्ट मधे ठेवा, सुरुवातीला आणि शेवटी खात्रीचं ठेवा. आणि एक मिनिट उरलं की मागून लाइट दाखवतात, तो दिसला की गुंडाळायला घ्या, पुढच्या माणसाचा वेळ खाऊ नका.

मटेरियल जपून ठेवायचं कसं हा विषय नवीन लोकांना कंटाळवाणा वाटतो पण मला त्याबद्दल फार वाटतं. फिलिस डिलर या अमेरिकन कॉमेडियनने १९५५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, पाच मुलांची आई असताना कॉमेडी सुरू केली, आणि तिचे जोक ती कार्डांवर टाइप करून विषयाप्रमाणे लावून ठेवायची. ते ४८ ड्रॉवरचं स्टीलचं कपाट भरलं तेव्हा आणखी तीन ड्रॉवर जोडावे लागले, आत ५२,००० हून जास्त कार्डं! आज ते कपाट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि २०१७ मध्ये स्वयंसेवकांनी बसून ती कार्डं ऑनलाइन टाइप करून काढली. मला त्या आकड्यापेक्षा ते विषयाप्रमाणे लावणं जास्त आवडतं, कारण जोक आठवणं अवघड असतं, विषय आठवणं सोपं. मी पण तसंच करते, झोप, फोन, लिफ्ट, दवाखाना असे विषय, आणि प्रत्येक प्रश्न त्याच्या घरात.

महिन्यातून एकदा सगळ्या जुन्या नोंदी पहिल्यापासून वाचा. जे स्टेजवर पोचलं त्याच्यासमोर फुली, जे मेलंय असं वाटतं त्याच्यासमोर काहीच नाही, पण खोडायचं नाही. माझ्याकडे दोन वर्षांपासून एक प्रश्न पडून आहे, लिफ्टचं बटण आधीच पेटलेलं असताना मागून येणारा प्रत्येक माणूस ते परत का दाबतो. तपशील मिळालाय, दाबताना माणूस आधीपासून उभ्या असलेल्यांकडे बघत नाही, बटणाकडेच बघतो. त्याला नेमकं वाटतं काय ते अजून सापडलेलं नाही, मी परवाच पुन्हा अर्धा तास लिफ्टजवळ उभी राहून आले.