कोजागिरीला ‘फोसोरा’: डोक्यावरून जाणारा अल्बम चार जणांत कसा ऐकावा

मोबाइल हातात धरून, त्याच्याच स्पीकरवर हा अल्बम ऐकून ‘काय किरकिर आहे ही’ म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. फक्त विचारतो, कशावर ऐकलंत? कारण पहिल्यांदा मीही हेच म्हणालो होतो.

आपला धंदा मंडप आणि साउंडचा, गाव अंबाजोगाई. ब्यर्क या आइसलँडच्या गायिकेचा ‘फोसोरा’ हा दहावा अल्बम आला ३० सप्टेंबर २०२२ ला. त्या दिवशी नवरात्राची पाचवी माळ. आमच्या योगेश्वरीचं नवरात्र मार्गशीर्षात असतं, पण मंडळांचे मंडप आश्विनातच पडतात, त्यामुळे आम्हाला जेवायलाही फुरसत नव्हती. संभाजीनगरला इंजिनीअरिंग करणाऱ्या भाच्यानं लिंक धाडली. “मामा, एकदा ऐकाच.” (नाव बियॉर्क नाही, ब्यर्क. त्यानं माझ्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं.) केजच्या रस्त्यावर टेम्पोत, डॅशबोर्डवर मोबाइल ठेवून लावला. दुसऱ्या गाण्याला ड्रायव्हर म्हणाला, “शेठ, मोबाइल बिघडलाय का?” मी बंद केला.

दसरा झाल्यावर गोदामात सामान उतरवताना, एक बॉक्स तपासायचा म्हणून तेच गाणं पुन्हा लावलं आणि हातातली केबल तशीच राहिली. खाली काहीतरी होतं. जाड, लाकडी, श्वास घेणारं. टेम्पोत ते नव्हतंच.

ते होतं बेस क्लॅरिनेट. वरातीच्या बँडमध्ये जे काळं क्लॅरिनेट असतं त्याचा हा थोरला भाऊ. खालचं धातूचं भोंगं वर वळलेलं, तोंडाशी वाकडी नळी. या अल्बममध्ये अशी सहा बेस क्लॅरिनेटं एकत्र वाजतात. हे वाद्य सत्तर हर्ट्झच्या आसपास उतरतं, आणि मोबाइलचा चिमूटभर स्पीकर दोन-अडीचशेच्या खाली मान टाकतो. मग वरची वरची खरखर तेवढी ऐकू येते आणि बुडखा गायब. झाडाचे शेंडे बघून झाड नावडलं म्हणण्यातला हा प्रकार. गाणं आवडणं-नावडणं पुढची गोष्ट, आधी ते आपल्यापर्यंत पोचायला पाहिजे.

म्हणून पहिलं काम सामानाचं. मोठं सामान लागत नाही. उलट मी पहिली चूक तीच केली. घरचीच मशिनरी आहे म्हणून अठरा इंचाचे दोन बेस लावले आणि मिक्सर तसाच मिरवणुकीच्या सेटिंगवर. मिरवणुकीचं सेटिंग म्हणजे बेस वर, ट्रेबल वर, मधलं सगळं खाली. माणसाचा आवाज राहतो त्या मधल्यातच. गायकवृंदाचं गाणं लागलं आणि असं वाटलं की विहिरीत पडलेली माणसं ओरडायलीत. शेजारच्या गल्लीतून एक जण बघायला आला, काही झालं का म्हणून. तेव्हा ग्राफिकचे, म्हणजे बेस-ट्रेबल कमीजास्त करायचे, सगळे बटण आधी मधोमध आणा. आठ इंची टू-वे बॉक्सची, म्हणजे जाड आणि बारीक आवाजाला वेगवेगळे स्पीकर असलेल्या बॉक्सची, साधी जोडी पुरते. तीही नसेल तर कानात घट्ट बसणारा हेडफोन, पण मग चार जणांत ऐकायची मजा गेली.

दोन्ही बॉक्स आणि बसणारे यांच्यात सारखं अंतर ठेवा. बॉक्समध्ये सहा फूट असेल तर माणसंही साधारण तेवढ्यावर. खोलीत ऐकणार असाल तर बॉक्स कोपऱ्यात कोंबू नका, तिथं बेस घुमतो आणि सगळ्याची खिचडी होते. गच्चीवर नेमकं उलटं. उघड्यावर बेस पळून जातो, म्हणून मागं कठडा येईल असे ठेवा. ब्लूटूथपेक्षा पिन बरी. लॅपटॉप चार्जिंगला असताना हम, म्हणजे सतत घूं असा आवाज, आला तर घाबरू नका, चार्जर काढा, बहुतेक वेळा जातो. गाणी आधी उतरवून ठेवा, कारण आमच्याकडं लाइट आणि नेट दोघांचाही भरवसा एकाच तोलाचा. आणि फुकटच्या खात्यावर लावू नका. यातलं ब्यर्कच्या आईच्या मरणावरचं गाणं संपतंय तोवर बनियनची जाहिरात आली तर पुढं कुणी ऐकत नाही.

किती मोठा लावायचा? शेजारी बसलेल्याला हळू आवाजात काही सांगायचं झालं तर वाकावं लागेल, इतका. त्याच्या पुढं नको.

वेळ मी कोजागिरीची धरली. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला होती. लोक मुळात जागे असतात, दूध आटायला वेळ लागतो आणि कुणाला कुठं जायची घाई नसते. कोजागिरी नसेल तर उन्हाळ्यातली कुठलीही गच्चीवर झोपायची रात्र चालेल. गणपतीत, लग्नसराईत करू नका, आमच्यासारखे लोक तुमचा आवाज खाऊन टाकतील. अल्बम साधारण ५४ मिनिटांचा, तेरा तुकडे. सलग लावायचा. मागंपुढं करायचं नाही, शफल तर नाहीच.

माणसं पाचच्या वर नकोत. आणि ‘याला संगीतातलं कळतं’ अशांनाच बोलवायचं हा हट्ट सोडा. आमच्या गच्चीवर कोण होतं सांगतो. भाचा. बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून आता दात हलायला लागल्यानं थांबलेले मास्तर. शेजारच्या काकू, ज्या दूध ढवळायला म्हणून आल्या होत्या. शाळेतले एक सर, ज्यांच्याकडं जुन्या गझलांचा मोठा साठा आहे. आणि मी.

लावायच्या आधी किती सांगायचं, हा सगळ्यात अवघड भाग. काहीच सांगितलं नाही तर लोक दहाव्या मिनिटाला मोबाइल काढतात. जास्त सांगितलं तर ऐकत नाहीत, तुम्ही सांगितलेलं सापडतंय का ते तपासत बसतात. भाच्यानं आधी अर्धा तास भाषण तयार केलं होतं, गॅबर हे सुसाट ठोक्यांचं संगीत म्हणजे काय, हॉलंडातल्या रॉटरडॅमला नव्वदच्या दशकात ते कसं सुरू झालं, इंडोनेशियातल्या बालीचा, असले ठोके करणारा कासिमिन यात कसा आला. मी म्हणलं, हे तू नंतर सांग. मी तीनच गोष्टी सांगितल्या. एक, फोसोरा म्हणजे खोदणारी बाई, लॅटिनमधल्या ‘खोदणारा’ या शब्दावरून तिनंच केलेला शब्द. आधीचा २०१७ चा अल्बम बासऱ्यांचा आणि पाखरांचा होता, हवेतला. हा मातीतला आहे, पावसाळ्यात उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसल्या बुरशीचा. दोन, तिची आई २०१८ मध्ये वारली, आणि यातली दोन गाणी त्या आईची आहेत. तीन, ही आई पर्यावरणासाठी भांडणारी होती. २००२ मध्ये आइसलँडमधल्या धरण आणि ॲल्युमिनियमच्या प्रकल्पाविरुद्ध तिनं उपोषण केलं होतं.

उपोषण म्हणल्यावर काकूंनी पळी थांबवली. “किती दिवस केलं?” मी म्हणलं, काकू, बरेच दिवस. त्या बसल्या.

इंग्रजी शब्द कळतील की नाही याची काळजी करू नका. भाच्यालाही अर्धे कळत नव्हते. मला वाटतं, याबाबतीत आपल्या भागातल्या माणसाचे कान पुण्या-मुंबईच्या कानापेक्षा तयार असतात. रात्रभराचा गोंधळ कुणी शब्द न शब्द कळतो म्हणून ऐकत नाही. संबळ एका बाजूला कडकडतो, तुणतुणं एकच सूर धरून बसतं, मध्येच गोंधळी गाणं सोडून बोलायला लागतो, पुन्हा गाण्यात शिरतो, आणि कुणी म्हणत नाही की याला मुखडा-अंतरा कुठं आहे. एकनाथांच्या पैठणची भारुडं तर मुद्दाम कोड्यात. तरी लोक मांडी घालून बसतात. मग विदेशी बाईनं मुखडा सोडला की आपल्याला राग का येतो? सर म्हणाले, “कारण तिच्याकडून आपण सिनेमाच्या गाण्याची अपेक्षा करतो.” बरोबर असेल. सरांचं निम्मं बरोबर असतं.

ऐकताना यजमानानं काय करायचं? गप्प बसायचं. हे मला जमलं नाही, म्हणून आवर्जून लिहितो. पहिल्या गाण्याच्या शेवटी ठोके एकदम सुसाट सुटतात, गाडीचा तिसरा-चौथा गिअर टाकावा तसे, मिनिटाला दीडशेच्या पुढं. मी लगेच सगळ्यांची तोंडं बघायला लागलो. त्यांना ते कळलं आणि ते उगीच माना डोलवायला लागले. पाहुण्यानं भाजी खाल्ली की ‘कशी झालीय’ म्हणून तोंडाकडं बघत बसणारी माणसं असतात ना, तसं ते झालं. आपण डोळे मिटून घ्यायचे, नाहीतर चंद्राकडं बघायचं. चंद्र त्या रात्री ढगात ये-जा करत होता.

मास्तर मात्र पहिल्या पाच मिनिटांतच पुढं सरकले. त्यांची बोटं मांडीवर हलत होती, पडद्या दाबल्यासारखी. सनईच्या जोडीत एक जण नुसता सूर धरतो आणि दुसरा वाजवतो, ते शोधत होते. इथं धरणारा कोण तेच सापडेना. नंतर म्हणाले, “सहाच्या सहा जण भांडायलेत. पण एका घरातले भांडतात तसे.” मी कुठल्याही जाणकाराकडून या क्लॅरिनेटांबद्दल यापेक्षा बरं वाक्य ऐकलेलं नाही.

आईवरचं पहिलं गाणं आइसलँडची राजधानी रेकविकच्या हामराह्लीद गायकवृंदानं म्हटलंय. त्यात एक हिशोब येतो, बाईच्या जन्मात अंडी चारशे आणि घरटी मात्र दोन-तीन. तेवढं भाच्यानं हळूच सांगितलं. सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण इथं बरं झालं. दुसरं गाणं सात मिनिटांचं. आईचं आयुष्य ओळीनं सांगत जातं, मागं ब्यर्कच्या मुलाचाही आवाज आहे. तिथं काकू म्हणाल्या, “ही बाई रडायली का गायली?”

हाच प्रश्न. आमच्याकडं मयताच्या घरी बाया हेल काढून रडतात. मेलेल्याचे गुण, त्यानं केलेल्या गोष्टी, खाल्लेलं-न खाल्लेलं, सगळं सुरात येतं. ते गाणं नसतं आणि नुसतं रडणंही नसतं. ऐकणारा त्याला चांगलं-वाईट म्हणत नाही. काकूंना मी उत्तर दिलं नाही. त्यांनीच स्वतःला दिलं, “दोन्ही असंल.” त्यांचं दूध खाली लागलं होतं, पण ते नंतर कळलं.

हे वाचून काकूंना अल्बम आवडला असं समजू नका. पुढं ठोक्यांची गाणी आली तर म्हणाल्या, “दार कोण वाजवायलंय?” आणि खाली निघून गेल्या. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग शांतपणे सांगितलं की त्यांना यातलं काहीही नको. तेही चालतं. जगातही या अल्बमचं असंच झालं. समीक्षकांनी बहुतेक गौरवलं, ग्रॅमीच्या अल्टरनेटिव्ह विभागात नामांकन मिळालं, आणि तिचे जुने चाहतेसुद्धा ‘चाल कुठंय’ विचारत राहिले.

संपल्यावर पाच मिनिटं काही लावू नका. आणि ‘कसं वाटलं?’ अजिबात विचारू नका. त्याला दोनच उत्तरं येतात, ‘भारी’ आणि ‘काही कळलं नाही’, आणि दोन्हींत काही नसतं. त्याऐवजी विचारा, कुठं दचकलात? कुठला आवाज कशाचा होता ते कळलं नाही? कुठं बंद करावं वाटलं? हे विचारलं आणि सरसुद्धा दहा मिनिटं बोलले. त्यांना त्रास कशाचा होत होता तर तिचा आवाज तालाच्या आत राहत नाही याचा. ओळ संपते तिथं सम नसते. बोलणाऱ्या माणसाला जिथं श्वास लागतो तिथं ती थांबते. ही तक्रार आहे, पण कान देऊन केलेली.

दुसऱ्यांदा सलग ऐकू नका. रोज एक गाणं, तेही एखादं हातातलं काम करताना. मी केबली गुंडाळताना ऐकतो. आठवड्याभरात अमुक ठिकाणी आता अमुक येणार हे कानाला कळायला लागतं आणि पहिल्या दिवशी जो गोंगाट वाटला त्यात वाटा दिसतात. नाही दिसल्या तर सोडून द्या. तिचाच २००४ चा ‘मेडुला’ लावून बघा, तो जवळजवळ पूर्ण माणसाच्या गळ्यातून केलाय, वाद्यं फार थोडी. ज्याला क्लॅरिनेटं झेपत नाहीत त्याला कधी कधी तो झेपतो.

माझा स्वतःचा निकाल अजून अर्धाच आहे. क्लॅरिनेटांची आणि आईची गाणी माझी झाली. सुसाट ठोक्यांची अजूनही नाहीत. ते ठोके मला कोरडे वाटतात, कातडं नसलेल्या हलगीसारखे. भाचा म्हणतो ते तसेच असतात, गॅबर तसंच. असेल. पण रोज स्पीकर लावून पोट भरणाऱ्या माणसाला ठोक्याबद्दल एवढं तरी म्हणायचा हक्क असावा.

त्या रात्री सगळ्यात शेवटी मास्तर उठले. जिन्यापाशी थांबून भाच्याला म्हणाले, “ते थोरलं क्लॅरिनेट कितीला येतं रे?” त्यानं मोबाइलवर बघून आकडा सांगितला. मास्तरांनी चपला घातल्या.

“त्यात टेम्पो येतो की.”