चाकणच्या वाहन कारखान्याला सुटे भाग पुरवायचे असतील तर

मोठ्या कारखान्याचा पैसा भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपपर्यंत येतो तो ऑर्डरमधून. सुरुवात थेट कारखान्यापासून करू नका. त्याला माल देणाऱ्या पुरवठादाराचं जॉबवर्क (त्याच्या मालावर मजुरीने काम करून देणं) आधी धरा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. गुणवत्तेचं सर्वसाधारण प्रमाणपत्र आयएसओ ९००१ आधी घ्या, वाहन उद्योगाचं खास आयएटीएफ १६९४९ नंतर.

खरी कसोटी पीपीएपीची, म्हणजे नियमित पुरवठ्याआधी ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्याची. नमुन्याचे भाग नेहमीच्याच मशीनवर, नेहमीच्याच कामगाराकडून, साधारणपणे सलग किमान ३०० काढायचे. टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवण्याच्या वेगळ्या विभागात) निगुतीने बनवलेले पाच नग दाखवले की पुढे रोजच्या उत्पादनात माप हलतं आणि अख्खा लॉट परत येतो. महत्त्वाच्या मापांचा सीपीके, म्हणजे माप ठरलेल्या मर्यादेत किती सातत्याने येतं ते सांगणारा आकडा, १.६७ च्या वर हवा. तो कमी आला तर लगेच मशीनला दोष देऊ नका, आधी मोजमाप तपासा: तीन जणांनी तेच दहा भाग प्रत्येकी तीन वेळा मोजायचे. मोजणीतला फरक मापाला दिलेल्या सवलतीच्या (टॉलरन्सच्या) १० टक्क्यांच्या आत असला तर उत्तम. ३० च्या वर गेला तर ती मोजणीच निरुपयोगी. बहुतेक वेळा घोळ इथेच सापडतो!

दर सांगताना स्क्रॅप, पॅकिंग, वाहतूक धरा.

सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल, करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत चुकतं करणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. म्हणून माल पोचल्याची सही-तारीख जपून ठेवा.