ओट्यापासून टेबलापर्यंत : बॉल जॉइंट माउंटचा आराखडा कसा करावा

मोबाइल, वेबकॅम किंवा वाचनाचा छोटा दिवा एखाद्या पृष्ठभागावर असा बसवायचा असेल, की तो हव्या त्या दिशेला वळवता यावा आणि वळवला तिथेच राहावा, तर बॉल जॉइंट माउंटइतकी सुटसुटीत रचना दुसरी नाही. एक गोळा, त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या वाट्या आणि त्या वाट्या आवळणारा एक बोल्ट, एवढाच तिचा पसारा असतो. खांद्यातल्या उखळीच्या सांध्याप्रमाणे हा सांधा तिन्ही अक्षांभोवती फिरतो. बाजारातली स्वस्त माउंट मात्र काही दिवसांतच मान टाकतात. दोष प्लॅस्टिकला दिला जातो, पण मूळ चूक बहुतेक वेळा वाटीच्या आकारात असते. वाटी गोळ्याला कुठे टेकते, हे ठरवल्याशिवाय बोल्ट कितीही आवळला तरी उपयोग होत नाही.

या लेखात आपण एक ठरावीक उदाहरण घेऊ. टेबलाच्या किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेला बसवायचे, वरून चित्रीकरण करता येईल असे, मोबाइलसाठीचे माउंट. त्याला दोन गोळे असतील, एक बैठकीवर आणि एक मोबाइलच्या होल्डरमागे. दोघांना जोडणारी दांडी दोन फाळ्यांची, म्हणजे समोरासमोरच्या दोन पट्ट्यांची, असेल आणि मधल्या एकाच बोल्टने दोन्ही गोळे एकदम आवळले जातील. भाग थ्री-डी प्रिंटरवर छापायचे आहेत असे गृहीत धरले आहे. प्रिंटर नसलेल्यांसाठी पर्याय शेवटी दिला आहे.

पायरी १ : भार आणि अंतर

कागदावरची पहिली ओळ वजनाची असावी. साधारण २०० ग्रॅमचा मोबाइल आणि १०० ग्रॅमचा होल्डर मिळून ०.३ किलो, म्हणजे सुमारे ३ न्यूटन भार होतो. दांडी पूर्ण आडवी केल्यावर खालच्या गोळ्याच्या केंद्रापासून मोबाइलच्या मध्यापर्यंतचे अंतर १५ सेंटिमीटर धरू. ३ गुणिले ०.१५ म्हणजे ०.४५ न्यूटन-मीटर एवढे आघूर्ण, म्हणजे वळवू पाहणारा जोर, खालच्या गोळ्यावर येते. मोबाइलच्या पडद्यावर बोट दाबले जाते, टेबलाला धक्का लागतो, कोणी तरी माउंट सैल न करताच मोबाइल वळवू पाहते. म्हणून याच्या तिप्पट, म्हणजे १.३५ न्यूटन-मीटर, हा आकडा पुढच्या सगळ्या हिशेबासाठी पक्का करावा. वरच्या गोळ्यावर येणारे आघूर्ण कमीच असते, त्यामुळे खालचा गोळा पुरेसा झाला की वरचा आपोआप पुरेसा होतो.

पायरी २ : गोळा, मान आणि वाटीची कड

गोळा २५ मिमी व्यासाचा घ्यावा. घर्षणाचा जोर गोळ्याच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणून गोळा फार लहान ठेवण्याचा मोह टाळावा.

आता मुख्य मुद्दा. वाटीची त्रिज्या गोळ्यापेक्षा किंचितही मोठी झाली, तर गोळा वाटीच्या तळाशी, एका ठिपक्याएवढ्या जागेवर टेकतो. तो ठिपका आवळण्याच्या अक्षावरच, म्हणजे बोल्टला समांतर असलेल्या, दोन्ही वाट्यांच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवरच असतो आणि मोबाइल खाली झुकतो तो नेमका त्याच अक्षाभोवती. तिथल्या घर्षणाला अंतरच मिळत नाही, त्यामुळे बोल्ट घट्ट असूनही मान पडते. उलट वाटी गोळ्यापेक्षा ०.२ मिमीने लहान व्यासाची, म्हणजे २४.८ मिमीची केली, तर गोळा तळाला न टेकता वाटीच्या कडेच्या वर्तुळावर बसतो. ती कड अक्षापासून जितक्या कोनावर, तितका जोर वाढतो. हिशेब असा : दोन्ही वाट्यांचा मिळून पकडीचा जोर म्हणजे २ गुणिले घर्षणांक, गुणिले आवळण्याचे बल, गुणिले त्रिज्या, गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट. कोन २० अंश असेल तर टॅन्जंट ०.३६ आणि ४५ अंश असेल तर बरोबर १ येतो. तेवढ्याच बोल्टवर, तेवढ्याच गोळ्यावर पकड पावणेतीन पटींनी वाढते.

मग कड ६० अंशांवर का नेऊ नये, असा प्रश्न येईल. अडचण मानेची, म्हणजे गोळ्याला बैठकीशी किंवा होल्डरशी जोडणाऱ्या दांड्याची आहे. १२ मिमी जाडीची मान २५ मिमीच्या गोळ्यावर मध्यापासून सुमारे २९ अंशांची जागा व्यापते. कड ४५ अंशांवर असेल तर मान वाट्यांच्या दिशेने सुमारे १६ अंश कलू शकते. ६० अंशांवर नेली तर जेमतेम एक अंश. मान बारीक केली की कल वाढतो, पण मान मोडते. मानेतला ताण जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो : १.३५ न्यूटन-मीटरला ८ मिमी मानेत सुमारे २७ मेगापास्कल ताण येतो आणि १२ मिमी मानेत ८. छापलेल्या वस्तूच्या थरांमधला जोड हा तिचा सर्वांत कच्चा भाग असतो, त्यामुळे मी १२ मिमीवरच ठाम राहीन आणि १६ अंशांवर समाधान मानीन. फाळ्यांमधल्या मोकळ्या जागेत मान तशीही मोठ्या कोनातून फिरते. शिवाय दांडी खालच्या गोळ्यावर स्वतःभोवती फिरवता येत असल्याने उरलेल्या बहुतेक दिशाही आवाक्यात येतात.

४५ अंशांची कड ठेवल्यावर वाटीची खोली सुमारे ३.७ मिमी आणि गोळा बसल्यावर दोन्ही वाट्यांच्या कडांमधले अंतर सुमारे १७.७ मिमी होते. हे आकडे पुढे लागणार आहेत.

पायरी ३ : बोल्ट आणि दांडीचे फाळे

प्लॅस्टिकवर प्लॅस्टिकचा घर्षणांक ०.३ धरला, तर खालच्या गोळ्याला १८० न्यूटन बल हवे. मधला बोल्ट आपले बल दोन्ही गोळ्यांत सारखे वाटतो, म्हणून बोल्टमध्ये ३६० न्यूटन ताण हवा. एम६, म्हणजे ६ मिमी व्यासाच्या, बोल्टसाठी एवढ्या ताणाला सुमारे ०.४३ न्यूटन-मीटर पीळ पुरतो, आणि तो विंग नटवर (पंखांचा, हाताने फिरवायचा नट) दोन बोटांनी सहज देता येतो. हिशेबात पान्याची गरज निघाली असती तर गोळा मोठा करणे हा मार्ग होता. बोल्ट मोठा करणे नव्हे.

दांडीच्या फाळ्यांकडे मात्र नीट पाहावे. दोन्ही टोकांना गोळे आणि मधोमध ओढणारा बोल्ट, म्हणजे प्रत्येक फाळा ही मध्यभागी भार असलेली तुळई झाली. गोळ्यांच्या केंद्रांमधले अंतर ६० मिमी ठेवावे. फाळा २५ मिमी रुंद आणि सरसकट ८ मिमी जाड केला, तर बोल्टच्या भोकाशी सुमारे २७ मेगापास्कल ताण येतो. तो लगेच मोडणार नाही, पण सतत दाबाखाली असलेले प्लॅस्टिक हळूहळू वाकत जाते आणि पकड सैल पडते. म्हणून फाळ्याची मधली जाडी १४ मिमी करावी आणि ही वाढ आतल्या बाजूला करावी, कारण तिथे १७.७ मिमीची जागा रिकामीच असते. दोन्हीकडून ६-६ मिमी वाढवूनही मध्ये जवळपास ६ मिमी फट उरते. ती उरलीच पाहिजे. फाळे एकमेकांना टेकले तर बोल्टचा सारा जोर त्यांच्यावरच खर्च होतो आणि गोळे मोकळे राहतात.

बोल्टचे भोक ६.५ मिमीचे असावे. एका फाळ्याच्या बाहेरच्या बाजूला बोल्टच्या षटकोनी डोक्यासाठी १०.३ मिमी रुंद आणि ४ मिमी खोल खाच ठेवावी, म्हणजे डोके फिरत नाही. दुसऱ्या बाजूला मोठा वॉशर आणि विंग नट. ४५ मिमी लांबीचा बोल्ट पुरतो. मधल्या फटीत बोल्टवर एक मऊ स्प्रिंग घातली तर नट सैल करताच फाळे आपणहून उघडतात. ही चैन आहे, पण करावी. एम६ च्या आट्यांवर नटाचा एक फेरा म्हणजे १ मिमी. फाळे ७ मिमीहून अधिक उघडल्याशिवाय गोळा निसटत नाही, त्यामुळे अर्धा फेरा सैल करून मोबाइल वळवताना काही पडण्याची भीती नसते.

पायरी ४ : गोळा छापणे

पूर्ण गोल छापताना तळाचा भाग नेहमी ओबडधोबड येतो. मानेच्या बरोबर विरुद्ध टोकाला गोळ्यावर १२ मिमी व्यासाचा सपाट काप द्यावा आणि तोच छपाईच्या पाटावर टेकवावा. कापाचा व्यास मानेएवढाच असल्याने मान कडेला अडते त्याआधी काप वाटीच्या कडेपर्यंत पोहोचत नाही, आणि कापालगतचे थर थोडे खरखरीत आले तरी पकडीला बाधा येत नाही.

अशा उभ्या छपाईत थर मानेला आडवे येतात. त्यावर उपाय म्हणून गोळ्याच्या मधून आरपार भोक ठेवून खालच्या गोळ्यात एम५ चा ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) घालावा, त्याचे डोके सपाट कापात बुडवावे आणि बैठकीच्या पाठीमागे नायलॉक नटने (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणाऱ्या) आवळावे. बोल्टच्या ओढीने थर एकमेकांवर दाबलेले राहतात. मान बैठकीत शिरते तिथे चौकोनी खुंटी करावी, नाहीतर गोळा बैठकीवर फिरतो.

वरच्या गोळ्यात एम५ ऐवजी पाव इंची, इंचाला २० आटे असलेला ॲलन बोल्ट वापरावा, कारण कॅमेरे आणि मोबाइल होल्डर याच आट्यांचे असतात. एम६ बोल्ट दिसायला जवळपास तसाच असतो आणि एक-दोन आटे लागतातही. पण त्याचा आट्यांमधला टप्पा १ मिमी असतो आणि पाव इंचीचा १.२७ मिमी. जोर लावला तर होल्डरचे आटे जातात. बोल्टचे टोक मानेबाहेर सुमारे ५ मिमीच राहील अशी लांबी ठेवावी.

पीएलए हे छपाईचे प्लॅस्टिक छापायला सोपे, पण साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. घरातल्या टेबलावर ते चालेल. शेगडीशेजारी किंवा विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत नाही. पीईटीजी हे छपाईचे दुसरे प्लॅस्टिक ८० अंशांच्या आसपासपर्यंत टिकते आणि सतत दाबाखाली कमी ढेपाळते, म्हणून ते घ्यावे. नायलॉन मजबूत असले तरी गुळगुळीत असते. बेअरिंगसाठी तो गुण आहे, इथे दोष.

पायरी ५ : वाटीची चाचणी

पूर्ण दांडी छापण्याआधी नुसत्या वाटीचे तीन छोटे तुकडे २४.६, २४.८ आणि २५ मिमी मापाने छापावेत. प्रत्येक प्रिंटर मापात थोडा पुढे-मागे जातो. आधी गोळा व्हर्नियर कॅलिपरने तीन दिशांनी मोजावा, मग कडेला पेन्सिलचे शिसे घासून गोळा वाटीत दाबून फिरवावा. गोळ्यावर स्वच्छ गोल रेघ उमटली तर वाटी बरोबर. मध्यभागी डाग आला तर वाटी मोठी आहे. रेघ दोन-तीन ठिकाणी तुटली तर गोळा गोल नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने तो फिरवत घासावा. हा खरखरीतपणा नंतर घालवू नये.

काही जण वाटीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवतात. पकड नक्कीच वाढते. त्यासाठी वाटीचा व्यास रबराच्या जाडीच्या दुपटीने वाढवावा लागतो. पण रबर दबते आणि हात काढताच मोबाइल किंचित परत येतो. दिव्याला ते चालते, चित्रीकरणाची चौकट लावणाऱ्याला वैताग आणते.

पायरी ६ : बैठक

बैठक पृष्ठभागावर ठरते. टेबलाच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्याच्या पुढे आलेल्या कडेला शिकंजा लावणे सर्वांत खात्रीचे; त्याच्या जबड्यांना रबराची पट्टी लावावी. ओट्याची कड गोलाई दिलेली असेल तर जबडा सपाट भागापर्यंत पोहोचेल इतका खोल हवा. भिंतीवर स्क्रू मारायचे असतील तर दोन स्क्रू एकावर एक, निदान ४ सेंटिमीटर अंतराने घ्यावेत. आपल्या हिशेबाने वरच्या स्क्रूवर सुमारे ३४ न्यूटन ओढ येते, आणि प्लगमधला साधा स्क्रू ती सहज पेलतो.

फोमची दुहेरी चिकटपट्टी काच, टाइल आणि सनमायकावर चांगली बसते, रंगवलेल्या भिंतीवर नाही, कारण तिथे पट्टी टिकते आणि रंग सुटतो. जागा स्पिरिटने पुसून पट्टी दाबावी आणि भार लगेच टाकू नये. ॲक्रिलिक फोमच्या पट्टीला पूर्ण पकड घ्यायला साधारण ७२ तास लागतात. बैठक उभ्या दिशेला लांब ठेवावी, कारण पट्टी सरळ ओढीला दाद देत नाही पण वरच्या कडेने सोलली जाते. व्हॅक्यूम कप फक्त काचेला आणि चकचकीत टाइलला.

मोटारसायकलच्या हँडलसाठी हा आराखडा वापरू नये. इंजिनच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये आयफोनच्या ग्राहकांना दिला होता.

पायरी ७ : भाराची परीक्षा

मोबाइल लावण्याआधी दांडी आडवी करून खालच्या गोळ्याच्या केंद्रापासून १५ सेंटिमीटरवर रिकामी बाटली टांगावी. गोळा आणि वाटी यांवरून पेन्सिलची एक सलग रेघ ओढावी आणि बाटलीत थोडे थोडे पाणी घालत जावे. एकूण वजन ०.९ किलो होईपर्यंत रेघ तुटता कामा नये, कारण तीच आपली तिप्पट मर्यादा. आधीच तुटली तर रेघ कुठे सरकली ते पाहावे : गोळ्यापाशी सरकली असेल तर वाटीची कड पुन्हा तपासावी, फाळ्यांमधली फट कमी झाली असेल तर मधली जाडी वाढवावी. भार रात्रभर ठेवून सकाळी नट पुन्हा चाचपावा. नवे प्लॅस्टिक पहिल्या रात्रीत थोडे बसते आणि पाव फेरा आणखी आवळावा लागतो. ओट्याजवळच्या माउंटच्या वाट्यांत तेलाची वाफ बसत असते, त्यामुळे गोळे अधूनमधून साबणाने धुऊन कोरडे करावेत.

प्रिंटर नसल्यास यंत्रांच्या दांड्यांना लावतात ती बेकेलाइटची गोल मूठ हार्डवेअरच्या दुकानात मागावी. २५ मिमीच्या मुठीत बहुधा एम६ चे आटे असतात, म्हणजे पोलादी मान आयतीच मिळते आणि बारीक असल्याने कलही वाढतो. मूठ गुळगुळीत असते, ती पॉलिश पेपरने खरखरीत करावी. फाळे सागवानाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीचे करता येतात आणि त्यांत वाटी कोरण्याचीही गरज नाही : १७.५ मिमीचे सरळ भोक पाडले की त्याची कड २५ मिमीच्या गोळ्याला जवळपास ४५ अंशांवरच टेकते.