दुबईतला फ्लॅट ताब्याआधी विकताना

आईच्या आजारपणात पैसा लागला, म्हणून दुबईत सुट्टीसाठी बुक केलेला, अजून बांधकाम चालू असलेला फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक मिळालं, पण बिल्डर एनओसी देईना. करार रात्रभर वाचला. किमतीचे ४० टक्के भरल्याशिवाय हस्तांतर नाही, आणि माझे ३५ च झाले होते! उरलेले ५ टक्के प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्या बांधकामासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यात, भरले, पावती घेतली. मग नवीच अडचण: उकूद नोंदणीवर, म्हणजे बांधकाम चालू असलेल्या घरांच्या दुबईतल्या सरकारी नोंदीवर, जुन्या पासपोर्टचा नंबर. जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट कपाटात सापडला, केवढा जीव भांड्यात पडला! दोन्ही दाखवून नोंद दुरुस्त केली. दुबईच्या लँड डिपार्टमेंटचे (जमीन-मालमत्ता नोंदणी खात्याचे) ४ टक्के शुल्क गिऱ्हाइकाने भरायचं, हे आधीच लेखी ठरवलं होतं. नफा भारतातल्या रिटर्नमध्येही दाखवला.